डग्गा कुठे गेला?

एसटीत किंवा लोकलमध्ये तुमच्या शेजारी कुणीतरी कानात इअरफोन घालून बसलेलं असतं. गाणं त्याचं, पण थोडंफार आपल्यालाही ऐकू येतं. पुढच्या वेळी जरा नीट कान द्या बरं! काय ऐकू येतं? टिस् टिस् टिस्. झांजा, टाळ, फार तर गायकाच्या शब्दांतले 'स' आणि 'श'. ढोलकीचा घुमारा नाही, डग्गा नाही, बास गिटार तर मुळीच नाही. आणि शेजारचा मात्र ठेक्यावर मजेत मान डोलावतोय! म्हणजे त्याच्या कानात डग्गा वाजतोय. मग तुमच्यापर्यंत येईतो तो गेला कुठे?

मला हा प्रश्न फार आवडतो. त्याचं उत्तर शोधायला निघालं की आपण थेट कानाच्या नळीत शिरतो. शिवाय दुकानात उभं राहिल्यावर पडणारा आणखी एक प्रश्नही जाता जाता सुटतो : कानाच्या दारात अडकवायचे इअरबड घ्यावेत, की रबरी टोपी लावून आत नळीत बसवायचे इन-इअर?

आधी दोघांची ओळख करून घेऊ. दुकानात हल्ली सगळ्यांनाच 'बड्स' म्हणतात, त्यामुळे नावावर जाऊ नका, तोंडाकडे बघा. इअरबडचं तोंड रुंद, चपटं आणि कडक असतं, त्यावर बारीक जाळी असते. तो कानाच्या बाहेरच्या खोलगट भागात नुसता टेकून बसतो, नळीचं दार अर्धवट उघडंच राहतं. इन-इअरला पुढे बारीक नळकांडं असतं आणि त्यावर सिलिकॉनची किंवा फोमची मऊ टोपी. ती टोपी नळीत जाते आणि दार बंद करते. ॲपलचे २०१६ साली आलेले पहिले एअरपॉड्स बघा, ते उघड्या दाराचे. २०१९ चे एअरपॉड्स प्रो टोपीवाले, म्हणजे बंद दाराचे. वायर असो वा नसो, फरक हाच.

आता गंमत बघा. दोघांच्या पोटातलं यंत्र बहुतेक वेळा एकाच जातीचं असतं. एक चुंबक, त्याच्याजवळ अगदी बारीक तारेचं वेटोळं आणि त्या वेटोळ्याला चिकटलेला पातळ पडदा. प्लेअरमधून किंवा मोबाइलमधून येणारी वीज त्या तारेत पुढेमागे धावते, चुंबकामुळे वेटोळं हलतं, त्याच्याबरोबर पडदा हलतो आणि पडद्यामुळे हवा. झाला आवाज! इअरबडमधला पडदा मोठा असतो, साधारण १५ मिलिमीटर रुंद. इन-इअरमधला बऱ्याचदा ६ ते १० मिलिमीटरचाच. मग भरदार आवाज कुणाचा असायला हवा? मोठ्या पडद्याचा ना? प्रत्यक्षात होतं उलटंच. डग्गा घुमतो तो छोट्या पडद्याच्या इन-इअरमध्ये!

यामागचं कारण कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ खूश होतो, म्हणून ते सावकाश सांगतो.

झांजेची झणझण म्हणजे हवेची फार जलद थरथर, सेकंदाला काही हजार वेळा. डग्ग्याचा घुमारा म्हणजे संथ थरथर, सेकंदाला शंभरच्या आसपास. आता एक छोटासा पडदा मोकळ्या हवेत ठेवला आणि त्याला सेकंदाला हजार वेळा थरथरायला लावलं, तर ठरावीक मोठेपणाचा आवाज निघेल. तेवढाच मोठा आवाज सेकंदाला शंभर वेळा थरथरून काढायचा असेल तर? पडद्याला दसपट नाही, तब्बल शंभरपट लांब पुढेमागे जावं लागतं! हा बिचारा इवलासा पडदा, एवढं लांब जाणार कुठे? म्हणून मोकळ्या हवेत तो टिस् टिस् सहज करतो, पण डग्गा त्याला झेपत नाही. शेजारी बसून तुम्ही ऐकता तो हाच मोकळ्या हवेतला आवाज.

पण तोच पडदा बंद जागेत ठेवला की सगळा हिशेबच बदलतो. सायकलचा हातपंप घ्या. तोंड उघडं ठेवून दांडा दाबला तर हवा फुस्सकन निघून जाते, हाताला काही जाणवत नाही. आता पंपाच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबा आणि दांडा जरासा पुढे ढकला. अंगठ्याला लगेच जोर लागतो. कानाची नळी टोपीने बंद केली की अगदी हेच होतं. टोपी आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये हवा उरते ती जेमतेम एक मिलिलिटर, थेंबांत मोजायची तर वीसेक थेंब. एवढ्याशा कोंडलेल्या हवेला इन-इअरच्या पडद्याने नुसतं टोचलं तरी तिचा दाब वाढतो आणि तो थेट कानाच्या पडद्यावर जाऊन पोचतो. थरथर संथ असो की जलद, हवेला पळायला जागाच नसते. त्यामुळे डग्ग्यासाठी शंभरपट लांब जाण्याची गरजच उरत नाही.

आणि फट राहिली तर? डग्ग्याच्या एका ढकलण्याला साधारण १/२०० सेकंद मिळतो. ऐकायला हा वेळ एवढासा वाटतो, पण हवेला फटीतून सटकायला तो पुरतो. झांजेच्या एका ढकलण्याला सेकंदाचा दहा-पंधरा हजारावा भाग मिळतो, तेवढ्यात सटकणं हवेला जमत नाही. म्हणून फटीतून गळतो तो डग्गा, झांज नाही. इअरबडला कानाशी अशी फट कायमच असते. त्याचा पडदा मोठा ठेवतात तो ही गळती थोडीफार भरून काढायला. पूर्वी इअरबडवर स्पंजाच्या छोट्या टोप्या चढवायचे, त्यामुळेही फट जरा कमी व्हायची आणि आवाज थोडा भरायचा.

हे करून बघायला काही लागत नाही. तबल्याचं एखादं वादन लावा, आवाज हळू ठेवा. इअरबड कानात नेहमीसारखा अडकवा आणि बोटाने अगदी हलकेच आत दाबा. 'धा' एकदम गोल होतो, डग्गा जवळ आल्यासारखा वाटतो. बोट काढा, पुन्हा तो पातळ झाला. इन-इअर असेल तर उलटं करा : टोपी केसभर बाहेर ओढा. क्षणात डग्गा गायब! ना गाणं बदललं, ना यंत्र, ना किंमत. बदलली ती एक फट. म्हणूनच एखादा महागडा इन-इअर एखाद्याला 'एकदम पुचाट' वाटतो तेव्हा मी आधी विचारतो, कोणत्या मापाची टोपी लावलीय?

नळी बंद करण्याची युक्ती तशी नवी नाही बरं का. फ्रान्समधले अभियंते एर्नेस्त मेर्कादिए यांनी १८९१ साली टेलिफोनसाठी कानात बसणाऱ्या जोडीचं पेटंट घेतलं होतं. तिला रबरी टोप्या होत्या आणि वजन ५० ग्रॅमच्या आत. पण संगीत खिशात घालून हिंडायला सुरुवात झाली ती १९७९ मध्ये, सोनीच्या वॉकमनने. त्याच्याबरोबर डोक्यावरून घ्यायचा हलका, स्पंजाचा हेडफोन मिळायचा. १९८२ मध्ये सोनीनेच कानाच्या दारात अडकणारा इअरफोन आणला आणि २००१ मध्ये आयपॉडबरोबर आलेल्या पांढऱ्या इअरबडने तर तो जगभर पोचवला.

इन-इअरचा रस्ता मात्र वेगळ्याच गल्लीतून आला, कान तपासणाऱ्या लोकांच्या. अमेरिकेत मीड किलियन नावाच्या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये एटिमोटिक रिसर्च ही कंपनी काढली. कानाची तपासणी करताना नळीत बसवायचे अचूक इअरफोन त्यांनी बनवले, आणि मग १९९१ मध्ये त्याच ज्ञानातून संगीत ऐकण्यासाठी ईआर-४ हा इन-इअर आणला. त्याच्या पोटात श्रवणयंत्रात वापरतात तसला, काही मिलिमीटरांचा चिमुकला स्पीकर होता. हे काम करताना किलियन यांना एका मोठ्या कोड्याला तोंड द्यावं लागलं. ते कोडं म्हणजे आपली नळी स्वतःच एक वाद्य आहे!

मोठ्या माणसाच्या कानाची नळी असते सुमारे अडीच सेंटिमीटर लांब. एका टोकाला उघडी, दुसऱ्या टोकाला कानाचा पडदा. अशी एका बाजूने बंद नळी एका ठरावीक स्वराला जोरात साथ देते; त्या स्वराची लाट नळीच्या चौपट लांब असते. बासरीच्या मापांमागेही हवेच्या लाटांचं असंच गणित असतं. चला, मांडू या. अडीच चोक दहा, म्हणजे लाट १० सेंटिमीटर. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. ३४० ला ०.१ ने भागा. आले ३४००! म्हणजे सेकंदाला तीन-साडेतीन हजार थरथरींचा आवाज आपली नळी आपोआप मोठा करून पडद्याला देते. आपल्या कानाला याच पट्ट्यातले आवाज सगळ्यांत चटकन ऐकू येतात, त्यात या नळीचा मोठा हात आहे. तुमची नळी मोठ्यांपेक्षा थोडी आखूड असेल, तर तुमचा आकडा थोडा वर जाईल.

आता इअरबड लावला तर नळीचं हे वादन बरंचसं तसंच चालू राहतं, कारण दार उघडं असतं. पण टोपी घातली की नळी दोन्ही टोकांना बंद. तिची लांबीही कमी होते. मग ती साडेतीन हजारांना साथ देणं सोडते आणि सात-आठ हजारांच्या आसपास कुठेतरी वाजू लागते. मेंदूला तर जन्मापासून साडेतीन हजारांची साथ ऐकायची सवय! ती नसली की गायकाचा आवाज घोंगडीआडून आल्यागत मागे सरकतो. म्हणून चांगला इन-इअर बनवणारे त्या पट्ट्यात मुद्दाम तेवढी भर घालतात, टोपीने जे हिरावून घेतलं ते यंत्रातून परत देतात. किलियन यांनी नेमकं यावरच बारकाईने काम केलं. इतक्या लहान वस्तूत इतका विचार दडलेला असतो, हे कळल्यापासून मी कुठलाही इअरफोन आदरानेच हातात घेतो.

मग इन-इअरच चांगला, असं ठरवून टाकायचं का? थांबा. टोपी घालून जरा चिवडा खा बघू! कुर्रम कुर्रम असा काही दणका ऐकू येतो की गाणं बाजूलाच राहतं. चालायला लागा, प्रत्येक पावलाला धप्प. बोला, तर स्वतःचाच आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा. का? आपण बोलतो, चावतो, चालतो तेव्हा कवटीची हाडं थरथरतात आणि त्यांच्याबरोबर नळीच्या भिंतीही. एरवी हा आवाज उघड्या दारातून बाहेर निघून जातो, आपल्याला पत्ताही लागत नाही. दार बंद केलं की तो आतच कोंडतो, आणि कोंडलेल्या हवेत संथ थरथर किती जोरात लागते ते आपण आत्ताच पाहिलं. डग्गा घुमवणारी हीच युक्ती चिवडाही घुमवते! वायरचा इन-इअर असेल तर वायर शर्टाला घासल्याची खरखरही येते. त्यावर इलाज म्हणजे वायर कानाच्या पाळीवरून मागे घेऊन खाली सोडायची.

म्हणून शांत घरात, दुपारी एखादं गाणं ऐकायचं असेल तर मला इअरबडच आवडतो. आईची हाक ऐकू येते, कान कोंदट होत नाही, गाणं खोलीत वाजल्यासारखं मोकळं वाटतं. पण गोंगाटात गेलात की गोष्ट पालटते, आणि इथे मी थोडा गंभीर होणार आहे.

आवाजाचं माप डेसिबलमध्ये करतात. जागतिक आरोग्य संघटनेने ऐकण्याचं आठवड्याचं खातं ठरवून दिलंय. मोठ्यांना ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास. मुलांसाठी हे खातं आणखी काळजीने आखलंय : ७५ डेसिबल, ४० तास. आणि आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा. ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला ५, ८७ ला फक्त अडीच तास, तेही अख्ख्या आठवड्यात! समजा, बसमध्ये ७८ डेसिबल खडखडाट आहे. इअरबडचं दार उघडं, खडखडाट जसाच्या तसा आत येतो. गाणं त्याच्या वर काढायचं म्हणून तुम्ही आवाज वाढवत वाढवत ८५च्या पुढे नेता, आणि कळतही नाही. कारण कानाला गाणं 'मोठं' वाटत नाही, फक्त 'ऐकू येण्याइतकं' वाटतं. आता नीट बसलेला इन-इअर घ्या. त्याची टोपी बाहेरचा आवाज २० डेसिबलांहून जास्त अडवू शकते. खडखडाट उरला साठच्या खाली. गाणं ६५-७० वर ठेवलं तरी शब्द न् शब्द स्वच्छ! म्हणजे गोंगाटात टोपी कानाला वाचवते. मात्र आवाज तेव्हाही जुन्या सवयीने वरच ठेवला, तर मिलिलिटरभर हवेतला तो दाब सगळाच्या सगळा पडद्यावर येतो.

हे एवढं जपायचं कशासाठी? कानाच्या पडद्यामागे हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन इवली हाडं असतात. रिकीब तर जेमतेम ३ मिलिमीटरचं, शरीरातलं सगळ्यांत लहान हाड. त्याच्या पलीकडे कॉक्लिया नावाची शंखाकृती, द्रवाने भरलेली नळी असते. तिच्यात प्रत्येक कानात सुमारे १५,००० केशपेशी रांगेने उभ्या असतात. आवाज त्यांच्यापाशी पोचला की त्या डुलतात आणि मेंदूकडे विजेचा संदेश जातो. फार मोठा आवाज फार वेळ राहिला की त्या मरतात. माणसाच्या कानात मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. पण १९८० च्या दशकात शास्त्रज्ञांना एक विलक्षण गोष्ट दिसली. मोठ्या आवाजाने कोंबडीच्या पिलांच्या केशपेशी मेल्या, आणि काही दिवसांत त्यांच्या जागी नव्या उगवू लागल्या! पक्ष्यांना जमतं ते आपल्या कानाला का जमत नाही, यावर आजही प्रयोगशाळांमध्ये काम चालू आहे. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी त्यात उतरलं तर मला फार आनंद होईल.

रस्त्यावर, सायकलवर, रूळ ओलांडताना मात्र इअरबड असो की इन-इअर, दोन्ही खिशात. हॉर्न कुठल्या बाजूने आला हे आपल्याला दोन कानांत आवाज पोचायला लागणाऱ्या वेळेच्या फरकावरून कळतं. तो फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. इतकं नाजूक गणित कान करतोय, त्याला तेव्हा मोकळं ठेवायचं.

आता टोपी बसवायची कशी ते बघू, कारण सगळा खेळ फटीचा आहे. डब्यात बहुतेक तीन मापांच्या टोप्या येतात. मधली आधीच लावलेली असते आणि बाकीच्या दोन पुष्कळांच्या घरी डब्यातच पडून राहतात. त्या काढा! सगळ्यांत लहान टोपीपासून सुरुवात करा, दुखेल इतकी मोठी कधीच नको. दोन्ही कानांना वेगळं माप लागलं तर चकित होऊ नका, डावी-उजवी नळी हुबेहूब सारखी नसते. नळी सरळही नसते, तिला वळण असतं. म्हणून उजवा इन-इअर घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या कानाची पाळी वर आणि मागे हलकेच ओढा. वळण जरा सरळ होतं आणि टोपी अलगद आत बसते. बसताना कधी कधी बारीकसा 'कट्' असा आवाज येतो. तो मोडल्याचा नाही, कोंडलेल्या हवेच्या दाबाने इन-इअरमधला पडदा क्षणभर वाकल्याचा असतो. हा दाब निघून जावा म्हणून बऱ्याच इन-इअरच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र ठेवलेलं असतं. भिंग घेऊन शोधा, सापडेल.

काढल्यावर टोपी पुसा, आणि मित्रालाही वापरायला देऊ नका. एकाच्या कानातले जंतू दुसऱ्याच्या कानात जायला नकोत. कानातला मळ नळीच्या कातडीबरोबर हळूहळू आपोआप बाहेर सरकत असतो. टोपी सारखी आत घातली तर ती त्याला उलट मागे ढकलते. कान दुखत असेल किंवा वाहत असेल तर काहीच घालायचं नाही, थेट डॉक्टरांकडे.

सगळ्यांत घट्ट टोपी कुणाला लागत असेल? रंगमंचावर वाजवणाऱ्यांना! १९९५ मध्ये व्हॅन हेलन या अमेरिकी बँडचे ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांनी ड्रमवादक ॲलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी खास इन-इअर बनवले, कारण मंचावरच्या दणदणाटात त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. त्यातूनच पुढे अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. असे इन-इअर करताना तयार टोपी लावत नाहीत, कानाचा साचाच घेतात. तज्ज्ञ आधी नळीत दोरा बांधलेला फोमचा छोटा बोळा ठेवतात, म्हणजे पडद्याला धक्का लागत नाही. मग मऊ सिलिकॉन आत सोडतात. काही मिनिटांत ते घट्ट झालं की तुमच्या नळीची वळणावळणाची प्रतिकृती हातात येते. गायकांचा साचा घेताना अनेकदा त्यांच्या दातांत एक ठोकळा देतात आणि तोंड उघडं ठेवायला लावतात. जबड्याचा सांधा नळीच्या अगदी पुढ्यात असतो ना, त्यामुळे तोंड उघडलं की नळीचा आकारच बदलतो. मिटल्या तोंडाने घेतलेला साचा गायकाने लांब तान घ्यायला 'आ' केला की सैल पडायचा, फट व्हायची आणि ऐन तानेत डग्गा नाहीसा व्हायचा. खरं वाटत नाही? करंगळीचं टोक कानाच्या दाराशी हलकेच ठेवा आणि तोंड उघडा, मिटा, पुन्हा उघडा.